टाचणीच्या बोर्डावरचे निरोप

आमच्या गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिलाही ते चालतं. एक तर तिच्या ओठांत कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या असतात. दुसरं म्हणजे त्या काढून ती बोलायला लागली की समोरच्याला टोचल्याशिवाय राहायची नाही. कपडे घट्ट-सैल करणं, पॅंटची उंची कमी करणं, बॅगांच्या नि जॅकेटांच्या चेनी बदलणं, एवढंच तिचं काम. नवीन कपडा ती शिवत नाही. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहिलं की ती गुडघ्यावर बसायची, चॉकने रेघ मारायची आणि वर न बघता म्हणायची, "पोट आत ओढू नका साहेब. घरी गेल्यावर ते बाहेर येणारच आहे." दुकानातले बाकीचे हसायचे. ज्याला टोचलं तोही हसायचा, कारण त्याची पॅंट तिच्या हातात असायची.

माझं दुकान तिच्याला लागून. पासपोर्टचे फोटो, प्रिंट, कॉम्प्युटरची बारीकसारीक कामं. मधली भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड, त्यामुळे तिचं सगळं मला ऐकू येतं आणि ते मी मुद्दाम ऐकतो असं तिचं म्हणणं आहे. लोक मला विचारतात, ही बाई चांगली की वाईट. मी सांगतो, कामाला चोख आहे. ज्यांना याहून जास्त हवंय त्यांनी पुढचं ऐकून स्वतःच ठरवावं. माझ्याकडून निवाडा मिळणार नाही.

आईवडील गेले तेव्हा ती विशीची होती आणि धाकटा भाऊ शाळेत. त्याला तिनेच वाढवलं. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायची, "एक पोर आहे पदरात, दुसरं कशाला सांभाळू?" धाकटा अंगाने उंच, स्वभावाने गरीब, आणि बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर तोंडात अडकून बसायचं आणि त्याचे कान लाल व्हायचे. ती त्याला वाक्य पूर्ण करू द्यायची नाही. स्वतःच पुरं करून टाकायची आणि तेही चुकीचं. तो 'हो' म्हणायचा. घरात तो तिला हेडबाई म्हणायचा, पण ते फक्त घरात, आणि ते तिला आवडायचं. हे मला प्लायवूडमुळे माहीत.

तिचं त्याच्यावर प्रेम होतं यात मला शंका नाही. पण तिच्या प्रेमात झडती होती. तो बाहेरून आला की कुठे होतास, कोणाबरोबर, मग शर्टाला हा वास कसला. खिसे उलटे करायची. "तुझं तोंड लपवतं, खिसे लपवत नाहीत," म्हणायची. पोरगा वीस ओलांडून गेला तरी रोज संध्याकाळी हा तपास व्हायचा, आणि तोही हात वर करून उभा राहायचा.

ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी दुकानात गर्दी होती. धाकटा इस्त्री करत होता आणि त्याचा फोन टेबलावर टाचणीच्या बाजूला पडला होता. फोन वाजला. तिने उचलला. तो ज्या क्लासला जायचा तिथल्या एका मुलीला त्याने लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं होतं. उत्तर तिने वाचलं नाही. त्याने काय लिहिलं ते वाचलं, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं वाचलं. "मला बोलता येत नाही म्हणून लिहितो. तू उद्या येणार नसशील तर आधी सांग, म्हणजे मी पण येणार नाही." आणि हे वाचताना तिने त्याच्या अडखळण्याची नक्कल करून दाखवली. 'म-म-मला' करत. मी पायरीवर होतो. दुकान हसलं, चांगलं पोट धरून हसलं. तिला चेव आला, तिने पहिली ओळ पुन्हा म्हटली.

धाकट्याने इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. प्लगमधून चार्जर काढला, तिच्या हातातून फोन घेतला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. ती मागून म्हणाली, "येताना कोथिंबीर आण." तो परत आलाच नाही.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण जाणता मुलगा आहे, आपल्या पायांनी गेलाय, तेव्हा येईल असं सांगून तिची बोळवण केली. नंबर बंद होता. तिने भिंतींवर कागद लावले, ते लोकांनी फाडले किंवा त्यावर दुसरे कागद चिकटवले. मग ती माझ्याकडे आली. ती मला फोटोवाले म्हणते. "फोटोवाले, त्या इंटरनेटवर कागद लावता येतो का? जो कुणी फाडणार नाही असा?"

मी तिला एक बोर्ड काढून दिलं. साधंसुधं. कुणीही मेंबर व्हावं, आपलं माणूस कधीपासून दिसत नाही ते लिहावं, खाली कुणी उत्तर द्यावं. वरती तिने स्वतःचा मजकूर टाकला. 'धाकट्या, जिथे असशील तिथून कळव. कोणी रागावणार नाही.' मी म्हटलं, "कोणी म्हणजे तुम्हीच ना, मग 'मी' लिहा." तिने 'कोणी' तसंच ठेवलं.

मला वाटलं होतं चार महिन्यांत ती कंटाळेल. पण हळूहळू दुसरे लोक आले. कुणाचा नवरा, कुणाची आई विसरभोळी होऊन रस्ता चुकलेली, कुणाची मुलगी. त्यातले एक निवृत्त बसकंडक्टर होते. त्यांची मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली ती गेलीच. कंडक्टरांना त्या वयात टाइप करता येईना, तर टाचणीने फोनवर ऐकून त्यांचा मजकूर स्वतः लिहिला. त्या माणसांशी ती टोचून बोलायची नाही. कोण कसं आहे, कुणाचं काय कळलं, सगळं तिला तोंडपाठ. मशीनवर फोन उभा करून ठेवलेला, एक शिवण मारली की एक नजर तिकडे. हे सगळं ती एकाच गोष्टीसाठी करत होती. धाकट्याचा निरोप यावा. बाकीच्यांचं भलं होत होतं ते त्या ओघात.

मग कचरा यायला लागला.

सुरुवातीला दिवसाला एखादा. 'खूप छान माहिती दिलीत, धन्यवाद. गुडघेदुखीवर खात्रीचा उपाय इथे पाहा.' कंडक्टरांच्या मुलीच्या फोटोखाली. मग झोपेच्या गोळ्या, केसांचं तेल, घरबसल्या कमाई, जुगार. ती चवताळली. "हरवलेल्या पोरीच्या खाली केसांचं तेल विकतोय. याला आईबाप नाहीत का?" तिला वाटायचं कुणीतरी माणूस बसून, तिचं बोर्ड वाचून, तिच्या दुःखाला खिजवायला हे लिहितोय. तसा माणूस असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याला शोधून तिने सोलून काढला असता.

मी तिला समजावलं. म्हटलं, हे तुमच्यासाठी लिहिलेलं नाहीच. माणसाने वाचावं अशी त्यांची अपेक्षाच नाही. आपण इंटरनेटवर काही शोधतो तेव्हा शोधणारं यंत्र कोणाला वर दाखवायचं ते ठरवतं कसं? एखाद्या डॉक्टरचं नाव चार वेगवेगळ्या घरांत निघालं की आपण म्हणतो, चांगला असणार. यंत्रही तेच बघतं, नाव किती ठिकाणी निघतंय. म्हणून हे लोक आपल्या मालाचं नाव सापडेल त्या भिंतीवर टांगत फिरतात. जुनं बोर्ड, ज्यावर खरी माणसं खरं बोलतात, ते यंत्राला विश्वासाचं वाटतं. तुमचं बोर्ड खरं आहे म्हणून ते येतात. खोटं असतं तर आले नसते.

"म्हणजे माझ्या भावाचं नाव त्यांना खुंटीसारखं."

"त्यांना भावाचं नाव माहीतच नाही. बरेचदा लिहिणाराही माणूस नसतो. प्रोग्राम असतो."

तिला हे पटलं नाही. झोपेच्या गोळ्यांच्या जाहिरातीत नंबर होता, तो तिने माझ्यासमोर फिरवला. एक मुलगी गोड आवाजात बोलली. टाचणीने तिला बोर्डाचं नाव सांगितलं, भावाचं सांगितलं, कंडक्टरांचं सांगितलं, आणि पुष्कळ काय काय सुनावलं. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, जाहिराती दुसरी कंपनी टाकते, आम्हाला यादी येत नाही. तुम्हाला झोप येत नाही का पण? किती दिवसांपासून?" टाचणीने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी टोचलं होतं, आणि टोचणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

खरा घोळ वेगळाच होता. बोर्डावर आपल्या मजकुराखाली कुणी उत्तर दिलं की आपल्या फोनवर सूचना वाजते. 'तुमच्या संदेशाला उत्तर आले आहे.' कंडक्टरांचा फोन वाजायचा. म्हातारा चष्मा शोधायचा, शेजाऱ्याच्या मुलीला हाक मारायचा, ती वाचून दाखवायची, 'वजन कमी करा'. असं दिवसातून किती वेळा. एक दिवस त्यांनी टाचणीला फोन केला. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, जरा बघा ना काही करता आलं तर. दरवेळी वाटतं तीच आहे. मग पुढचा तासभर मला बसून राहावं लागतं."

त्या दिवसापासून टाचणीने बोर्डाचं दार लावून घेतलं. नवीन मेंबरचं लिखाण आधी तिच्याकडे येणार, ती पास करील तेव्हाच बोर्डावर दिसणार, आणि तेव्हाच कुणाचा फोन वाजणार. फोटो चढवायची सोय तर आधीच बंद केली होती, कारण कचरावाले घाणेरडे फोटो टाकत. आता कुणाला फोटो दाखवायचा तर दुसरीकडे ठेवून त्याची लिंक द्यावी लागे. आणि नव्या मेंबरने लिंक दिली की तो कचरावाला, हा तिचा नियम. मी एकदा विचारलं, "मग खऱ्या माणसाने फोटो द्यायचा कसा?"

"खरा माणूस थांबतो. आधी चार वेळा साधं लिहितो, मग देतो. घरच्यांना दम असतो."

घरच्यांना. ते बोर्ड घरच्यांसाठी होतं, म्हणून सगळे नियम घरच्यांचा विचार करून केलेले. हरवलेला माणूस स्वतः येऊन मेंबर होईल, नवीन मेंबर, हे तिच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. वरती पहिल्या ओळीत त्यालाच हाक मारलेली असून.

ज्याचं लिखाण नाकारलं जाई त्याला आपोआप एक उत्तर जायचं. बोर्डाबरोबर आलेलं ते उत्तर फार सभ्य होतं. 'क्षमस्व, आपला मजकूर स्वीकारता येत नाही.' टाचणीला ते बघवेना. "चोराला क्षमस्व कसलं?" म्हणाली, आणि स्वतः लिहून दिलं. मी चढवलं. 'लाज वाटत नाही का? तुझ्यासारख्यांना इथे जागा नाही. पुन्हा तोंड दाखवू नकोस.' मी म्हटलं, पलीकडे माणूस नसतो हो, हे वाचणार कोण? ती म्हणाली, "नाही वाचलं तर नाही. मला लिहून बरं वाटलं." दोनदा नाकारलेल्याचं तिसरं लिखाण तिच्यापर्यंतही येऊ नये, परस्पर फेकलं जावं आणि तो कायमचा बंद व्हावा, हेही तिनेच सांगितलं. आणि फेकलेलं साठवून ठेवायचं नाही. रोज संध्याकाळी साफ. घरात केर ठेवत नाहीत, हे तिचं कारण.

तिचा त्यात इतका हात बसला की बघत राहावं. एक पाय मशीनवर, डावा अंगठा फोनवर. पूर्ण वाचायची नाही. "पहिले तीन शब्द पुरतात. 'खूप छान माहिती' आलं की काप." येणाऱ्या गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायची. वर्षानुवर्षं एक कचरा तिने बोर्डावर पडू दिला नाही. कंडक्टरांचा फोन आता फक्त खऱ्याला वाजायचा, म्हणजे जवळजवळ वाजायचाच नाही. ते तिला दुवा द्यायचे. मी पाहत आलोय, धाकटा गेल्यापासून तिला एवढं खूश दुसऱ्या कशाने केलं नव्हतं. रोज कुणाची तरी झडती होत होती आणि रोज कुणीतरी खरंच चोर निघत होतं.

मागच्या हिवाळ्यात दुपारी तिच्या दुकानात एक माणूस आला. चाळिशीचा, रापलेला, हातात टोपी. त्याच्याकडे दुरुस्तीचं काहीच नव्हतं. बराच वेळ दारात उभा राहिला, मग विचारलं, "तो इथे आलाय का?"

"कोण तो?"

त्याने धाकट्याचं नाव सांगितलं.

मी प्लायवूडच्या अलीकडून उठलो आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती मात्र जागची हलली नाही. ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. असे लोक याआधीही येऊन गेले होते, खोटी खबर देऊन काही पदरात पडतंय का बघणारे. त्यामुळे तिने तपास सुरू केला. तू कोण, कुठला, कशावरून ओळखतोस.

तो एका कोल्ड स्टोरेजमध्ये हमाल होता. धाकटा आणि तो एकाच खोलीत राहत. दोघं मिळून खोकी उतरवत, आत गोठणाऱ्या थंडीत आणि बाहेर उन्हात. महिन्याभरापूर्वी धाकटा काही न सांगता निघून गेला. सोबत्याला वाटलं, बहिणीकडे गेला असेल. तसं असेल तर त्याचं जॅकेट खोलीवर राहिलंय, ते पाठवावं का, एवढं विचारायला तो आला होता.

"जॅकेट कुठल्या रंगाचं?" टाचणी म्हणाली. "त्याच्या उजव्या हातावर काय आहे? तो जेवताना काय सोडतो?"

तो गोंधळला. हातावरचं त्याला सांगता येईना. तिने विजयाने माझ्याकडे पाहिलं. "बघा फोटोवाले. हे आता चालत यायला लागले."

तो माणूस जायला वळला. जाता जाता म्हणाला, रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं, "तो तुम्हाला हेडबाई म्हणायचा. म्हणायचा, ती आधी तपास करील, मग जेवायला वाढील."

ती उठली तशी मांडीवरची कात्री खाली पडली. तिने त्याला खुर्ची दिली. पाणी दिलं. मग त्याने जे सांगितलं ते मी इथे त्याच्या क्रमाने सांगतो, कारण त्याने ते फार साधेपणाने सांगितलं आणि मध्ये तिने एकदाही त्याचं वाक्य पुरं केलं नाही.

धाकट्याला तिचं बोर्ड सापडलं होतं. ती वरची ओळ त्याने सोबत्याला वाचून दाखवली होती, कोणी रागावणार नाही. दोन-तीन आठवडे तो नुसता बघत होता. लिहायचं कसं, सुरुवात काय करायची, ते त्याला सुचेना. इतकी वर्षं झाली, एकदम 'मी आहे' म्हणायचं तरी कसं. तिच्या बोर्डाची जुनी पानं त्याने खालपर्यंत वाचली. त्यात सुरुवातीच्या काळातला कचरा होता, जो काढायचा राहून गेला होता. 'खूप छान माहिती दिलीत, धन्यवाद.' 'इथे पाहा.' त्याला वाटलं, इथे असंच लिहायची रीत असेल. सभ्यपणे. आधी आभार मानायचे, मग आपलं सांगायचं.

"मीच त्याचा फोटो काढला," सोबती म्हणाला. "फोटो बोर्डावर चढेना, म्हणून दुसरीकडे ठेवला आणि त्याची ती निळी ओळ टाकली. 'खूप छान माहिती दिलीत, धन्यवाद. मी बरा आहे. माझा फोटो इथे पाहा.' असं लिहिलं. नाव नाही टाकलं. म्हणाला, फोटो बघून ओळखेल."

टाचणीने खाली पडलेली कात्री उचलून मशीनवर ठेवली.

"थोड्याच वेळात उत्तर आलं. त्याने मला वाचून दाखवलं. लाज वाटत नाही का. मी म्हटलं, अरे, हे मशिनचं आहे, सगळ्यांना जातं. तो म्हणाला, नाही, हे तिचंच आहे, तिचा आवाज मला कळतो. तरी मी त्याला दुसऱ्या दिवशी परत लिहायला लावलं. फोटो उघडला नसेल म्हटलं. परत तेच उत्तर आलं. मग तिसऱ्यांदा त्याने निळी ओळ नाही टाकली. मोठं लिहिलं. सुरुवातच, 'हेडबाई, मी आहे.' रात्रपाळीहून आल्यावर लिहीत बसला होता. त्याला तर उत्तरही आलं नाही. पाठवलं आणि आत जायचं दारच बंद झालं."

"त्यात काय लिहिलं होतं?" तिने विचारलं.

"मला दाखवलं नाही."

सोबत्याने आपल्या फोनवरचा फोटो दाखवला. कोल्ड स्टोरेजच्या जाड जॅकेटात धाकटा, भुवयांवर बर्फाचा भुगा, केस पुढून विरळ झालेले, तोंडभर हसलेला. तिने फोटो मोठा केला, लहान केला. जॅकेटची बाही त्याला आखूड होती. ते तिच्या लक्षात आलेलं मी पाहिलं. मग सोबती गेला. त्यालाही धाकट्याचा ठावठिकाणा माहीत नव्हता, तो तर इथे विचारायला आला होता.

ती माझ्याकडे वळली. "काढा ते परत. तिसरं."

"नाही निघत. रोज संध्याकाळी साफ होतं."

"कुठेतरी असेल."

"कुठेच नाही. तुम्हीच सांगितलं होतंत."

हे मी बोललो ते खरं होतं, आणि त्या वेळी बोलायला नको होतं असं मला कुणी कुणी म्हटलंय. असेल. पण तिनेही आयुष्यभर खरंच बोलून माणसं कापली होती. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी तिने मला सगळी दारं उघडायला लावली. तपासणी बंद, नियम बंद, तिचं ते उत्तर बंद, बंद केलेले सगळे मेंबर मोकळे. मी सांगून पाहिलं, धाकटा आता या बोर्डाकडे फिरकायचा नाही, पण कचरा मात्र आज रात्रीपासून येईल. ती म्हणाली, येऊ दे. आणि आला. फुटलेल्या नळासारखा आला. पहिल्या आठवड्यात खऱ्या माणसांचे मजकूर इतके खाली गेले की शोधूनही सापडेनात. लोकांचे फोन दिवसभर वाजू लागले. विसरभोळ्या आईवाला मुलगा चिडून सोडून गेला. नवरा शोधणारी सोडून गेली. जाताना टाचणीला काय काय लिहून गेली ते मी वाचलंय, आणि त्यातलं खोटं काही नव्हतं.

कंडक्टर शेवटपर्यंत थांबले. मग त्यांचाही फोन आला. तिने स्पीकर लावला होता, दोन्ही हात चेन बसवण्यात होते. "बाई, माझ्या पोरीचं नाव काढा तिथून. डॉक्टर म्हणतात, असं सारखं दचकणं बरं नाही."

"काका, दार लावता येणार नाही मला आता."

"नका लावू. माझं तेवढं काढा."

"काढलं की तिला तुमच्यापर्यंत यायला वाट राहणार नाही."

मग म्हातारा म्हणाला, "तुम्ही काढा." आणि तिने काढलं. मुलीचा फोटो, मुलाखतीला जाताना घातलेल्या कपड्यांचं वर्णन, सगळं. हे वर्णन तिनेच कधीकाळी फोनवर ऐकून लिहिलं होतं. मग तिने चेन वर-खाली करून पाहिली आणि धागा तोडला.

आता बोर्डावर फक्त ती आणि कचरा. ती प्रत्येक ओळ वाचते, पहिले तीन शब्द नाही, शेवटपर्यंत. प्रत्येक लिंक उघडते. फोन दर पंधरवड्याला नाना रोगांनी भरतो आणि मी तो साफ करून देतो. आणि प्रत्येकाच्या खाली ती लिहिते, 'धाकट्या, तू आहेस का? मी वाचलं. नीट वाचलं.' तेल विकणाऱ्याच्या खाली, जुगारवाल्याच्या खाली. यामुळे कचरा आणखी वाढलाय, कारण ज्या बोर्डावर उत्तर मिळतं ते यंत्राला आणखी जिवंत वाटतं. कचरावाल्यांच्या दृष्टीने आमच्या गल्लीतली टाचणी ही आता फार भली बाई आहे.

काल मी फोन परत द्यायला गेलो तेव्हा ती गिऱ्हाइकाची पॅंट उसवत होती. टोचून बोलणं बंद झालंय. गिऱ्हाइकंही त्यामुळे जरा कमी येतात, असं मला वाटतं. तिच्या प्रश्नाखाली उत्तर आलं होतं. 'होय ताई! नक्कीच! मी इथेच आहे. अधिक माहितीसाठी इथे दाबा.'

मी म्हटलं, "अहो, हे यंत्र आहे. कुणालाही हेच उत्तर देतं. किती वेळा सांगू?"

"त्याच्या सोबत्यानेही त्याला सांगितलं होतं ना, हे मशिनचं आहे म्हणून?" ती म्हणाली. "त्याने ऐकलं का?"

तिने बोट चोळीला पुसलं आणि दाबलं.